आमचं घर तितकंसं चांगलं नाही हो!

इंग्लंडात घर घेतल्यापासून भारतातल्या नातेवाइकांना ते व्हिडिओ कॉलवर दाखवण्यात मी चांगलाच तयार झालो आहे. मागची बाग दाखवताना फोन आडवा धरायचा, म्हणजे ती लांबलचक दिसते. न्हाणीघराच्या ज्या कोपऱ्यात ओल आली आहे तो टाळून थेट जिन्यावर यायचं. ‘केवढं मोठं घर आहे रे!’ असं मावशी म्हणाली की ‘छे गं, आपलं साधंच,’ म्हणायचं. पण अशा आवाजात की तिला ते खरं वाटू नये. अशा माणसावर सरकारदरबारी आपलं घर किती सामान्य आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करायची पाळी आली, ती काउन्सिल टॅक्समुळे.

काउन्सिल टॅक्स म्हणजे इथली घरपट्टी. तिचा जन्म मोठा धामधुमीचा. मार्गारेट थॅचर बाईंनी जुनी घरपट्टी काढून माणशी पट्टी बसवली. आधी 1989 मध्ये स्कॉटलंडात, मग 1990 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये. म्हणजे वाड्यात राहणारा उमराव आणि त्याच्या दारचा कचरा उचलणारा, दोघांनी सारखेच पैसे भरायचे. 31 मार्च 1990 ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल पेटली आणि नोव्हेंबरात बाईंना खुर्ची सोडावी लागली. पुढच्यांनी घाईघाईने नवी व्यवस्था आणली, ती 1 एप्रिल 1993 पासून सुरू झाली. प्रत्येक घराला ए ते एच यांपैकी एक अक्षर; ए सगळ्यात स्वस्त, एच सगळ्यात महाग. या अक्षराला बँड म्हणतात.

देशभरातल्या घरांना अक्षरं वाटायची तर माणसं कुठून आणणार? म्हणून इस्टेट एजंटांनाही कामाला लावलं. कित्येक गल्ल्यांत तर म्हणे गाडीतून न उतरता, खिडकीतून बघत बघत घरांच्या किमती ठरवल्या गेल्या. या पद्धतीला लोक ‘सेकंड गिअर व्हॅल्युएशन’ म्हणायला लागले. कुणी म्हणेल, घाईचं काम, नंतर सुधारलं असेल. नाही. इंग्लंडात आजही बँड ठरतो तो 1 एप्रिल 1991 या दिवशी ते घर कितीला गेलं असतं यावर. गेल्या वर्षी बांधलेल्या घराचीसुद्धा 1991 ची किंमत काढतात. मूल जन्माला यायच्या तीस-पस्तीस वर्षं आधीच्या ग्रहांवरून त्याची पत्रिका मांडावी, तसला प्रकार. वेल्सने 2005 मध्ये नवे बँड लावले, तेव्हा पुष्कळांची अक्षरं वर चढली आणि आरडाओरडा झाला. इंग्लंडातही 2007 साठी तेच ठरलं होतं. राज्यकर्त्यांनी 2005 मध्येच ते गुंडाळून ठेवलं. मतदाराच्या घराची खरी किंमत सांगणं हे निवडणूक हरण्याचं खात्रीचं साधन आहे, हे जगात सगळीकडच्या पुढाऱ्यांना कळतं.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे मधली भिंत सामाईक. अलीकडे आम्ही, पलीकडे एकट्या राहणाऱ्या एक वयस्कर इंग्रज बाई. खोल्या तितक्याच, जिना तसाच, धुराडंही एकच, दोघांत वाटून घेतलेलं. कुणाचा बँड काय हे इथे सरकारच जाहीर करतं. पोस्टकोड टाकला की सबंध गल्लीची अक्षरं समोर. शेजाऱ्याला कर किती बसतो हे घरबसल्या, फुकट आणि कायदेशीररीत्या कळावं, यापेक्षा मोठं सुख पुण्यात वाढलेल्या माणसाला दुसरं कोणतं? त्या सुखात स्क्रीनवर बोट फिरवत असताना दिसलं, की बाईंचं अर्धं डी आणि आमचं अर्धं ई.

डी म्हणजे पूर्ण दर, ई म्हणजे त्याच्या नऊ भागांचे अकरा भाग. इंग्लंडात 2025-26 चा डी बँडचा सरासरी कर 2,280 पौंड. त्या हिशेबाने एका अक्षराचा फरक वर्षाला पाचशे पौंडांच्या वर जातो. बरं, दर ज्या त्या काउन्सिलचा वेगळा. बकिंगहॅम राजवाडा एच बँडात आहे, पण तो वेस्टमिन्स्टरच्या हद्दीत, जिथले दर देशातल्या सगळ्यात कमी दरांत मोडतात. त्यामुळे राजवाड्याचं वर्षाचं बिल दोन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साध्या डी बँडच्या सरासरीपेक्षाही कमी. राजाशी माझं वैर नाही. पण त्याच्याकडे खोल्या आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त आहेत एवढं नोंदवून ठेवतो.

बायकोला हे सांगितल्यावर ती वही घेऊनच बसली. घर घेतल्यापासून मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. न्हाणीघरातली ओल, वाऱ्यात शिट्टी वाजवणारी खिडकी, फक्त उन्हाळ्यात नीट चालणारा बॉयलर, गळकं छप्पर, आणि ‘हे घर घ्यायची घाई तुलाच झाली होती’ हा स्वतंत्र मुद्दा. यादी अप्रतिम होती. पण नियम वाचले तर त्यात लिहिलेलं की किंमत काढताना घर चांगल्या डागडुजीत आहे असंच धरायचं. कायद्याच्या नजरेत आमच्या भिंतीला ओल नव्हती, नाही आणि कधी येणारही नाही. विचारात घ्यायचं ते आकारमान, घराचा प्रकार, जागा, एवढंच.

‘मग आजच्या किमतीवरून उलटा हिशेब करून 1991 चा आकडा काढ ना,’ ती म्हणाली. तोही केला. पण किमतींचे सरासरी निर्देशांक किंवा घरविक्रीच्या संकेतस्थळांवरचे अंदाज पुरावा म्हणून चालत नाहीत. चालतात ती तुमच्यासारखीच, पण खालच्या बँडातली घरं, जास्तीत जास्त पाच. नाहीतर 1 एप्रिल 1989 ते 31 मार्च 1993 या काळातल्या खऱ्याखुऱ्या विक्रीच्या किमती. आता गंमत बघा. लँड रजिस्ट्रीकडचे घरविक्रीचे आकडे कुणालाही बघता येतात, पण ते सुरू होतात 1995 पासून! आणि 1991 च्या एप्रिलात मी पुण्यात आठवीच्या निकालाची वाट बघत होतो. मिडलसेक्समधल्या घरांच्या भावावर तेव्हा माझं बारीक लक्ष नव्हतं.

रविवारी पुण्याला फोन लावला, तर बाबा एकदम ताजेतवाने झाले. घरपट्टी हा त्यांचा विषय. पुणे महापालिकेने स्वतःच्या वापरातल्या घराला 1970 पासून दिलेली 40 टक्के सवलत मधे काढून घेतली आणि 2023 मध्ये परत आणली. त्यासाठी पीटी-3 अर्ज भरायचा. बाबांनी तो भरला, वर त्याच्या दोन झेरॉक्स फायलीला लावल्या.

‘अर्ज टाक,’ ते म्हणाले. ‘आणि पोच घे.’

‘बाबा, ऑनलाइन असतं इथे.’

‘मग पोचेची प्रिंट घे. काउन्सिलात कुणी ओळखीचं नाही का?’

‘बँड काउन्सिल ठरवत नाही, बाबा. ते मूल्यांकनाचं खातं वेगळं. काउन्सिल नुसती वसुली करते.’

‘म्हणजे एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे पाठवणार. आपल्यासारखंच आहे की!’ बाबांना इंग्लंडबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

खरी मेख पुढेच होती. फेरतपासणीत बँड उतरेलच असं नाही. तो वर जाऊ शकतो. आणि त्या ओघात शेजाऱ्याचाही जाऊ शकतो! म्हणजे मी ‘यांचा डी, मग माझा ई का?’ म्हणून अर्ज करायचा आणि खात्याने ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणून बाईंनाच ई करून टाकायचं. त्यांचं बिल वाढल्यावर सामाईक भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज किती वाढेल, याचा विचार करून मी काही दिवस गप्प राहिलो. बायको म्हणाली, ‘लपवाछपवी नको. सरळ जाऊन सांगू.’ आणि तिने डबाभर रव्याचे लाडू घेतले.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. चहा केला. एकटं राहणाऱ्याला करात चतुर्थांश सूट असते, ती आपल्याला मिळते हे समाधानाने सांगितलं. मग वर जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी 1990 मध्ये घर घेतलं त्याची सगळी कागदपत्रं, नीट घडी घालून. किंमत 84,500 पौंड. डी बँड 68,001 पासून 88,000 पर्यंत. अगदी हव्या त्या काळातली, हव्या त्या घराची खरीखुरी विक्री! त्यांचा डी पक्का होता, आणि धुराडं एकच असल्याने आमचाही व्हायला हवा होता. डब्यात इस्टेट एजंटचं तेव्हाचं माहितीपत्रकही होतं. ‘प्रशस्त, भरपूर उजेडाचं, कुटुंबासाठी आदर्श घर.’ बायकोने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘आपल्यालाही शब्द न् शब्द हेच सांगितलं होतं.’

अर्ज गेला. पोचेची प्रिंट काढून बाबांना फोटो पाठवला. काही महिन्यांनी पत्र आलं, बँड डी केला आहे म्हणून. आधी ई का होता याचं कारण पत्रात नव्हतं. बहुधा आमच्या दारावरून जाताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असावी. राहायला आलो तेव्हापासून जास्तीचे भरलेले पैसे परत मिळाले. त्यातून बायकोने न्हाणीघराची भिंत करून घेतली.

तेव्हा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. नवीन घरात आलात तर पहिल्या सहा महिन्यांतच बँड तपासून घ्या; त्या मुदतीत रीतसर आव्हान देता येतं, नंतर पुरावा भक्कम असेल तरच खातं फेरतपासणी करतं. अर्जाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ‘आम्ही करून देतो’ म्हणत दारात येणाऱ्यांना परताव्यातला वाटा देऊ नका. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची अक्षरं बघा. ती तुमच्या खालची असतील तर अर्ज टाका, आणि वरची असतील तर कुणाला काही बोलू नका.