जावईबापूंचा बल्ब आणि आपला गोठा

न्यू जर्सी
श्रावण

ती. बाबा आणि आई,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "परसात एक बल्ब लावाले एवढे दिवस कायले लागते बाप्पा?" फोनवर सांगायला लागलं की तुम्ही मधेच हसता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून फोटो पाठवतेय. चष्मा लावून वाचा.

आमच्या मागच्या अंगणात अवजारं ठेवायची लाकडी खोली आहे. तिथे एक दिवा आणि एक सॉकेट हवं, एवढीच माझी मागणी. ह्यांनी तळघरातली उरलेली वायरीची गुंडाळी काढली आणि जाहीर केलं, "पाईपातून ओढली की झालं." सौंसरच्या माणसाचा आत्मविश्वास तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात 2023 मध्ये सौंसर ज्यात गेलं त्या नव्या जिल्ह्याचं नाव पांढुर्णा पडल्यापासून तो जरा जास्तच दाखवावा लागतो.

शेजारी एक निवृत्त वायरमन आजोबा राहतात. त्यांनी एक शब्द न बोलता गुंडाळीचं टोक चाकूने उभं चिरलं. वर पिवळं प्लास्टिक, आत दोन कोटिंगवाल्या तारा, आणि अर्थिंगच्या उघड्या तारेभोवती गुंडाळलेला चक्क खाकी कागद! घरातल्या कोरड्या भिंतीत तो कागद जन्मभर निमूट बसतो. बाहेर एकदा ओल लागली की कंदिलाच्या वातीसारखा पाणी आतपर्यंत ओढत नेतो. आजोबांनी मग गमतीची गोष्ट सांगितली. इथल्या नियमात बाहेरच्या पाईपाचं पोटसुद्धा ओलंच धरतात. तोंड कितीही बंद करा, हवेतली वाफ आत शिरते, रात्री गार पडून तिचं पाणी होतं आणि तिथेच साचतं. म्हणजे घरातली वायर पाईपात घातली तरी तिला छत्री मिळाली असं नाही.

बाहेरची केबल वेगळीच असते. रंगाने करडी, आणि प्रत्येक तार प्लास्टिकच्या लगद्यात अशी गाडलेली की पाण्याला शिरायला फट नाही. जमिनीत पुरा, पावसात भिजवा, तिला फरक पडत नाही. फक्त ती सोलताना माणसाला फरक पडतो. हे ओट्यावर बसून चाकूने ती खरवडत होते आणि तोंडाने जामसावळीच्या मारुतीचा धावा चालला होता. मारुतीराया तिथे निजलेलेच आहेत, त्यांना एवढ्यासाठी कशाला उठवता, असं मी म्हटलं. तर हे चहा मिळाला नाही म्हणून रुसले.

दोन्ही वायरींचं लग्न तळघराच्या कोरड्या भिंतीवर एका डबीत लागलं. पिवळी तिथे संपली, करडी तिथून निघाली. करडी घरात आलेली चालते, पिवळी उंबऱ्याबाहेर गेलेली चालत नाही. डबीवर झाकण, आणि ते कधीही उघडता आलं पाहिजे. वर प्लास्टर फासून जॉइंट गाडायचा नाही.

मग चर. खणण्याआधी 811 नंबरला कळवायचं. माणसं फुकट येऊन हिरवळीवर रंगाच्या रेघा मारून गेली: लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची. रांगोळी छान होती. अशी केबल 24 इंच खोल पुरायची. घरगुती 120 व्होल्टची लाईन असेल आणि गळती होताच तोडणारा स्विच आधीच बसवला असेल, तर 12 इंच. ह्यांनी तो स्विच कुठल्या प्रेमाने घेतला ते कुदळीला विचारा. वर तपासनीस पाहून जाईपर्यंत चर बुजवायचा नाही. ते यायच्या आदल्या रात्री पाऊस झाला आणि त्यात बेडूक राहायला आले.

तो स्विच मात्र गुणी आहे. गेलेला आणि परत आलेला करंट यात 5 मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की क्षणात लाईन तोडतो.

आता हसून झालं असेल तर ऐका. इथे भिंतीत 120 व्होल्ट, तुमच्याकडे 230. जिथे दाब निम्मा तिथे हे सगळे नखरे, आणि आपल्या गोठ्याची लाईन? स्वयंपाकघराच्या बोर्डातून निघालेली पीळ दिलेली वायर, खिडकीतून पेरूच्या झाडावर, तिथे काळी टेप, टेपवर दुधाची पिशवी, आणि पुढे थेट गोठ्याचा पत्रा. त्याच खांबाला आईची कपडे वाळत घालायची लोखंडी तार. त्या वायरीने आजवर दगा दिला नाही, असं तुम्ही म्हणाल. पण उन्हाने तिची साल तडकलीय, हे मी मागच्या खेपेला बोटाने पाहिलंय.

विहिरीतल्या सबमर्सिबलसाठी तुम्ही दुकानदाराशी भांडून चांगली चपटी तीन-कोर केबल आणलीत. कारण मोटर पाण्यात असते. मग मृगापासून पोळ्यापर्यंत पेरूवरची वायर कुठे असते? संत्र्याच्या बागेत एवढा हिशेब करणारा माणूस इथेच कसा चुकतो, हे ह्यांनाही कळत नाही.

पत्र्यात करंट उतरला तर आधी बैल जातील. त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ओल्या जमिनीतला थोडा करंटही त्यांना भारी पडतो. पोळ्याला गोठ्यावर तोरणाचे दिवे लागतील, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीचे पाहुणे येतील, त्यांची पोरं त्याच पत्र्याला लोंबकळतील.

म्हणून पोळ्याच्या आत परवानाधारक वायरमनला बोलवा. घरातली वायर ओसरीच्या कोरड्या भिंतीवर डबीत थांबवायची. तिथून पुढे आर्मर्ड केबल जमिनीतून. गोठ्यावरची डबी पावसाची, केबल तिच्यात खालून शिरेल अशी. बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि अर्थिंग नव्याने. आईची तार दुसऱ्या खांबाला. वायरमन येईपर्यंत गोठ्याची लाईन बोर्डातूनच काढून ठेवा, बॅटरी वापरा.

पैसे ह्यांनी पाठवलेत. ते परत करू नका, आणि त्यातून फवारणीचा पंप घेऊ नका.

तुमची लेक