आंबट ईगर

पुतण्यानं पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि दुसऱ्या दिवशी आभाराचा ईमेल लिहून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, आपल्या उत्तराची मी फार 'अँक्शसली' वाट पाहत आहे.

"अँक्शस काढ," मी म्हणालो.

"का काका? डिक्शनरीत 'उत्सुक' असाच अर्थ दिलाय की."

दिलाय खरा. इंग्रज लोकही दोन-अडीचशे वर्षं तो तसा वापरतात. पण त्या शब्दाच्या पोटात काळजी आहे. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे गळा आवळणं. संस्कृतातला 'अंहस्', म्हणजे कोंडी, संकट, तो याचाच चुलतभाऊ. आता हे मला इतकं पाठ का, तर 1987 साली माझी सोयरीक जमत होती तेव्हा मी लातूरच्या होणाऱ्या सासऱ्यांना हौसेनं इंग्रजीत पत्र टाकलं होतं : आपल्या कन्येला पाहायला मी अँक्शस आहे. उलट टपाली मराठीत उत्तर आलं, 'मुलीची प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. डॉक्टरांचा दाखला हवा असल्यास पाठवतो.' तरी लग्न झालं. दाखल्याचा विषय मात्र दर दिवाळीला निघतो.

"मग ईगर लिहू?"

ईगरचं मूळ आंबट आहे. फ्रेंचांचा आंबट तो 'एग्र', आणि आंबलेली वाईन म्हणजे व्हिनेगर. ईगर माणूस आणि चायनीजच्या गाड्यावरची ती बाटली एकाच घराण्यातली. पुतण्याला हे पटेना. म्हटलं, अरे, चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं ना? ईगर म्हणजे तेच, डोहाळे लागल्यासारखं. पण नोकरी देणाऱ्यासमोर डोहाळे सांगू नयेत. पगार कमी करतात.

आमच्या ढोकी गावाशेजारच्या तेरला गोरोबाकाका कुंभार होऊन गेले. संतांचा मेळा जमला तेव्हा त्यांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं कच्चं की पक्कं ते पाहिलं. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले, अशी कथा आहे. इंग्रजी शब्दही असेच थापटून घ्यावे लागतात. इथं फक्त कुरकुरणारा आमचा पुतण्या होता.

शहरातल्या माणसाला हे शब्द पुस्तकातून शिकावे लागतात. ढोकीला तसं नाही. वाट बघणं हा इथला जोडधंदा आहे. जून उलटून चालला, पेरलेलं सोयाबीन मातीत आणि आभाळात ढग नुसते फिरायला आल्यासारखे, तेव्हा माणूस जो असतो तो अँक्शस. मार्च लागला, शेजाऱ्याच्या फडात टोळी आली, आपल्या उसाला तुरा येऊन तो वाळायला लागला आणि मुकादम फोन उचलेना, तेव्हा तो टेंटरहुक्सवर असतो. टेंटर म्हणजे ओलं लोकरी कापड आटू नये म्हणून ताणून बसवायची चौकट, आणि हुक म्हणजे तिचे खिळे. (तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या पुस्तकात आहे. ते कापड कुणी कशावर ताणलं ठाऊक नाही, पण तेरणाकाठचा ऊसवाला अजून ताणलेलाच आहे.) गुऱ्हाळात काहील उतरायच्या वेळी काकवीसाठी वाट्या घेऊन पोरं घोळका करतात, ती ॲगॉग. आणि कीन म्हणजे धारदार. कोयत्यासारखा. आधी त्याचा अर्थ शूर असा होता, नंतर धार आली. आपल्याकडे उलट होतं.

"एक्सायटेड टाकतो," पुतण्या कंटाळून म्हणाला. "सगळे तेच टाकतात."

हल्ली सगळे एक्सायटेडच असतात, त्यामुळे त्या शब्दात काही उरलेलं नाही. तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीसारखा झालाय तो.

राहिलं 'लुकिंग फॉरवर्ड'. हे मला आमच्या स्टेशनावर समजलं. बार्शी लाइटची छोटी गाडी, रूळ अडीच फुटांचे. 1897 ला ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि 1911 ला लातूरला पोचली. इतक्या सावकाश की तिची वाट बघण्यात चौदा वर्षांची सवय मुळातच होती. मुरूडहून गाडी सुटली असं कळलं की लोक चहा टाकायचे. पिऊन, कप विसळून फलाटावर यायचे आणि रुळांच्या टोकाकडे निवांत बघत उभे राहायचे. काळजी नाही, आंबटपणा नाही. येणार हे नक्की, कधी ते तिची मर्जी. यालाच लुकिंग फॉरवर्ड म्हणतात. आता मोठे रूळ आलेत, गाडी वेगात येते, आणि लोक मोबाइलमध्ये बघतात.

"आरं, लेकरू वाट बगूलालंय, येवढंच लिहा की," आई आतून म्हणाली.

मी गप्प झालो. कारण तिनं सगळं सांगून टाकलं होतं. आपण वाट 'बघतो'. प्रतीक्षेत आणि अपेक्षेत संस्कृतातलं 'ईक्ष्', म्हणजे बघणंच आहे. इंग्रजांच्या एक्स्पेक्टमध्ये लॅटिनचं बघणं, वेटमध्ये जुन्या फ्रेंचांचं टेहळणं. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले आमचे आजोबा 'इंतजार' म्हणायचे, त्यातही नजर आहेच. सगळ्या जगानं डोळ्यांवरच भिस्त ठेवली. उत्कंठा तेवढी गळ्याची, पण तीही मान उंचावून बघण्याचीच. इंग्रजाचा गळा आवळला जातो, आपला लांब होतो, एवढाच फरक.

शेवटी लुकिंग फॉरवर्ड ठरलं. त्यावरही वाद झालाच, 'टू हिअर' की 'टू हिअरिंग'. मी हिअरिंग म्हणालो.

"म्हणजे बघायचं पुढं आणि ऐकायचं?"

"हो. इंग्रजी आहे ते. पाठव."

पाठवला. संध्याकाळपर्यंत पुतण्यानं मोबाइल इतक्यांदा उघडला की त्याला अंगठ्याची चोळणी करावी लागली. आई उंबऱ्यात बसून येडशीच्या रस्त्याकडं बघत होती.

"आई, ईमेल रस्त्यानं येत नसतो."

"मग कुठनं येतो?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात मोबाइल वाजला. तिघांच्याही माना एकदम लांब झाल्या.

रिचार्ज संपत आल्याचा मेसेज होता.