मालकाने बोलावं कुणाशी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखानदाराला विचारा, ‘काय मालक, कसं चाललंय?’ उत्तर ठरलेलं, ‘एकदम झकास!’ सुताचा भाव चढलेला असो की एक्स्पोर्टचं पेमेंट अडकलेलं असो, झकासच. खरं सांगणार कुणाला? जॉबरच्या कानावर घातलं तर संध्याकाळपर्यंत निम्मे कामगार दुसरा कारखाना शोधायला लागतात. भाऊ भागीदार. बायकोची झोप उडते, मग ती आपलीही उडवते. मित्र सगळे त्याच धंद्यातले. हळहळतात आणि सकाळी आपल्याच गिऱ्हाइकाला फोन लावतात. 2011च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, पण गुपित फुटायच्या बाबतीत ते अजून एका चौकाचा वाडाच आहे.

म्हणून ओळखीतले एक मालक गुपचूप पुण्याला ‘कोच’कडे जातात. घरी सांगतात, दाताचं काम आहे. पंचाईत अशी की हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये अर्धं सोलापूर बसलेलं असतं आणि पुणं येईपर्यंत चार तास त्यांच्या दाढेचीच चौकशी चालते! तरी ते जातात. सल्ला देणारे इथे पैशाला पासरी. पैसे घेऊन नुसतं ऐकणारा आणि अधूनमधून एखादा अडचणीचा प्रश्न विचारणारा मात्र मिळत नाही. अक्कलकोटला स्वामींपुढे गाऱ्हाणं घालता येतं, पण ‘यात तुझं काय चुकलं?’ हे तिथे आपलं आपल्यालाच विचारावं लागतं.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या अहिल्यादेवींना असा ऐकणारा-विचारणारा माणूस घरातच लाभला होता. सासरे मल्हारराव मोहिमेवरून पत्रं धाडत, कामं सोपवत आणि सुनेला तयार करत. पती खंडेराव 1754 मध्येच कुंभेरीला पडले होते. 1766 मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेरावही. फौज तुकोजी होळकरांकडे होती, तरी निर्णयाचं ओझं 1795 पर्यंत बाईंच्याच डोक्यावर राहिलं. आमच्या मालकांनाही सासरे आहेत. पण त्यांचे पैसे कारखान्यात अडकलेत, त्यामुळे तिथेही ‘झकास’च!

एक मात्र ध्यानात ठेवा. वकिलाला सांगितलेलं गुपित भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 राखतो. कोचला तसं कायद्याचं कवच नाही. त्याला बांधतात ते पेशाचे नियम आणि तुमच्याशी झालेला करार. तेव्हा पहिल्या बैठकीआधीच लेखी घ्या, की इथलं बोलणं कुणालाही कळणार नाही, फीच्या चेकवर सही करणाऱ्या भागीदार भावालासुद्धा.