पहिली कात्री मजुरीला

महापूर, भूकंप, वादळ, काहीही येऊन गेलं की सरकार आधी नियम सैल करतं. निविदा न काढता कामं देता येतात, परवानग्या एका दिवसात मिळतात, मुदती वाढतात. यातलं बरंचसं समजण्यासारखं आहे. लोक पाण्यात उभे असताना तीन दरपत्रकं मागवत बसणं बरं नव्हे. पण या सैल झालेल्या नियमांत मजुरीचा नियम कसा काय येतो? माणूस छप्पर घालणार, गाळ उपसणार, विजेच्या तारा ओढणार, आणि नेमकी त्याच्याच घामाला सवलतीचा दर? हा प्रश्न मी आज अमेरिकेपासून सुरू करतो, कारण तिथे हा प्रकार उघड, सहीशिक्क्यानिशी झाला.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलं. बंधारे फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. शहरातलं पाणी अजून उपसलंही नव्हतं, तोवर 8 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी डेव्हिस-बेकन कायदा चार राज्यांतल्या वादळग्रस्त भागांत स्थगित केला. 1931 चा हा कायदा एवढंच म्हणतो की, केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या बांधकामावर त्या भागात चालू असलेल्या दरापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही. स्थगितीचं कारण दिलं गेलं ते खर्चाचं.

तो चालू दर तरी किती होता? न्यू ऑर्लिन्समध्ये साध्या बांधकाम मजुराला ताशी 9 डॉलरच्या आसपास मिळत. अमेरिकेत तेव्हा तेवढ्यात कसंबसं भागत होतं. हा दर जड वाटला, आणि त्याच दिवसांत मोठमोठ्या बांधकाम कंपन्यांना निविदेशिवाय कोट्यवधी डॉलरची कामं वाटली गेली. त्यांच्या नफ्याला मात्र कुणी कात्री लावली नाही. स्थगितीच्या दोनच दिवस आधी आणखी एक घोषणा झाली होती: कामावर घेताना कागदपत्रं न तपासणाऱ्या मालकांवर 45 दिवस कारवाई होणार नाही. म्हणजे दराचं बंधन काढलं, आणि ज्यांना तक्रार करायला तोंड नाही अशा माणसांना कामावर घ्यायची वाटही मोकळी केली. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की हेतू कळायला वेगळा पुरावा लागत नाही.

परिणाम पुढच्याच वर्षी मोजला गेला. टुलेन आणि बर्कली विद्यापीठांच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये शहरातल्या बांधकाम मजुरांची पाहणी केली. कागदपत्रं असलेल्या मजुराला सरासरी ताशी 16.50 डॉलर मिळत होते, कागदपत्रं नसलेल्याला 10. एकच शहर, त्याच ओल्या भिंती, तीच बुरशी, आणि दरात साडेसहा डॉलरची तफावत.

खर्च वाचवण्याचा युक्तिवाद किती पोकळ आहे ते निळ्या ताडपत्र्यांनी दाखवलं. वादळात छपरं उडालेल्या घरांवर सरकारी खर्चाने ताडपत्री ठोकून देण्याची योजना होती. ताडपत्रीसुद्धा सरकारच पुरवत होतं. कंपनीने फक्त माणसं लावून ती ठोकायची. शंभर चौरस फुटांमागे वरच्या कंपनीला 175 डॉलर मिळत होते. तिने काम खालच्याला दिलं, त्याने आणखी खालच्याला, आणि उतरंडीच्या तळाशी जो माणूस खरोखर छपरावर चढून खिळे मारत होता त्याच्या हातात शंभर चौरस फुटांमागे अवघे 2 डॉलर पडले, असं त्या वेळी तिथल्या पत्रकारांनी उघड केलं. मजुरी कमी ठेवली म्हणून सरकारी तिजोरीत एक डॉलर वाढला नाही. जे वाचलं ते मधल्या मुकादमांनी आणि वरच्या कंपनीने खाल्लं. त्यामुळे मजुरी कमी दिली तर तेवढ्याच पैशात जास्त घरं उभी राहतील, असं पुन्हा कुणी सांगू लागलं तर त्याला या ताडपत्रीचा हिशेब मांडायला लावा.

डेव्हिस-बेकन कायद्याची ही स्थगिती दोन महिन्यांत मागे घ्यावी लागली. कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज मिलर यांनी मतदान घ्यायला भाग पाडणारी कायदेशीर वाट शोधली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बुश यांच्याच पक्षाच्या 37 सदस्यांनी पत्र लिहून विरोध नोंदवला. 8 नोव्हेंबर 2005 पासून कायदा पुन्हा लागू झाला, पण तो पुढच्या कंत्राटांना. मधल्या दोन महिन्यांत जे ठरलं ते ठरलं.

आता या कहाणीत आपली माणसं येतात. मिसिसिपीतल्या पास्कागूला इथे सिग्नल इंटरनॅशनल नावाची कंपनी समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांची दुरुस्ती करत असे. वादळांनंतर काम वाढलं आणि हात कमी पडले. मग मुंबईतल्या एका भरती एजंटमार्फत भारतातून सुमारे 500 वेल्डर आणि पाइपफिटर नेले गेले. यातले बरेच आखातात काम करून आलेले, कसबी लोक. कायमचं अमेरिकेत राहता येईल, बायकापोरांना नेता येईल, असं सांगून प्रत्येकाकडून 10 हजार ते 20 हजार डॉलर घेतले. कुणी जमीन विकली, कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी सावकाराचं कर्ज काढलं. तिथे पोचल्यावर कळलं की व्हिसा काही महिन्यांच्या तात्पुरत्या कामाचा आहे, तोही त्या एका मालकाशी बांधलेला. नोकरी सोडली तर परत जायचं, आणि परत गेलं तर घरी कर्ज उभं.

राहायला कुंपणाच्या आत तळ होता. एकेका खोलीवजा डब्यात 24 माणसं. आणि या जागेचे महिन्याला सुमारे 1,050 डॉलर पगारातून कापले जात. कामगार बोलू लागले तेव्हा मार्च 2007 मध्ये एके पहाटे पुढाकार घेणाऱ्यांना पहारेकऱ्यांकरवी पकडून मायदेशी धाडण्याचा प्रयत्न झाला. एका कामगाराने तेव्हा हाताची नस कापून घेतली. मार्च 2008 मध्ये शंभरच्या आसपास कामगारांनी काम टाकलं, डोक्यावरची हेल्मेटं कंपनीच्या फाटकापाशी फेकली, आणि ते न्याय मागत न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनला गेले. काहींनी तिथे उपोषण केलं. खटला सात वर्षं चालला. फेब्रुवारी 2015 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना 1 कोटी 40 लाख डॉलर भरपाई दिली आणि कंपनीबरोबर मुंबईच्या त्या एजंटलाही दोषी धरलं. कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे 200 हून अधिक कामगारांसाठी 2 कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. परदेशात, परक्या भाषेत, वेल्डिंग करणाऱ्या साध्या माणसांनी हे मिळवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्याकडे त्याची चर्चा फार थोडी झाली.

अमेरिकेत मजुरीचा कायदा बाजूला ठेवला तो दोन महिन्यांसाठी, आणि गदारोळ झाला. आपल्याकडे?

राजस्थानात 1964 पासून एक कायदाच होता: दुष्काळी कामांवरच्या मजुरांना कामगार कायदे लागू नाहीत. अजमेर जिल्ह्यात मदनगंज ते हरमाडा रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. मजुरांत बायका मोठ्या संख्येने. किमान वेतन दिवसाला 7 रुपये होतं, पण मोजमाप टोळीचं व्हायचं आणि हाती त्याहून कमी पडायचं. सामाजिक कार्यकर्ते संजित रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1983 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारी, मग काम दुष्काळाचं का असेना. राज्य त्या बाईला भीक घालत नाही. ती रस्ता बांधते, आणि रस्ता राज्याला मिळतो. इतका स्वच्छ निकाल आपल्या पदरी आहे.

महाराष्ट्राने तर दुष्काळात हक्काचं काम देण्याची सुरुवात त्याआधीच केली होती. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांची माती वाहणाऱ्या लाखो हातांतून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. काम मागेल त्याला काम, हे तत्त्व पुढे देशाने घेतलं. पण 2005 च्या केंद्रीय कायद्यात सहावं कलम आलं: किमान वेतन कायद्यात काहीही असलं तरी या कामाची मजुरी केंद्र सरकार ठरवील. हरमाडाच्या रस्त्यावर जे मिळवलं ते त्या एका ओळीत गेलं.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. राज्य सरकारच्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि 3 लाख रुपयांपर्यंतचं काम रोजगार हमी योजनेतून (रोहयो), असं जाहीर झालं. त्या वर्षी महाराष्ट्रात रोहयोची मजुरी होती दिवसाला 312 रुपये. उघड्या पडलेल्या दगडगोट्यांवर माती आणून टाकायची, बांध पुन्हा रचायचा, विहिरीतला गाळ काढायचा, तेही त्या माणसाने ज्याचं स्वतःचं सोयाबीन शेंगेतच कुजलं आहे. जवळच्या तालुक्याच्या मजूर नाक्यावर सकाळी जाऊन बिगाऱ्याचा दर विचारा. 312 ला कुणी घमेलं उचलत नाही. मग शेतमजूर गाव सोडतो, ऊसतोडीची उचल घेतो, आणि शेत खरवडलेलंच राहतं. कमी मजुरीने पुनर्उभारणी स्वस्त होत नाही, ती होतच नाही. पूर्ण मजुरी दिली तर ते पैसे त्याच गावातल्या किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या वह्यांत जातात. पुरानंतर गावाला याहून थेट मदत दुसरी कुठली मिळणार?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोहयोच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस 100 चे 125 झाले, पण मजुरी ठरवण्याचा अधिकार दिल्लीकडेच राहिला. आपत्तीनंतरच्या कामाला निदान राज्याचं किमान वेतन मिळालं पाहिजे, ते पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे, आणि कंत्राटदारामार्फत काम असेल तर शेवटच्या मजुराला किती मिळाले हे दाखवल्याशिवाय बिल निघता कामा नये. राज्य सरकारला हे करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. केंद्राच्या दरावर आपल्या तिजोरीतून भर घालता येते.

तुमच्या गावात पूरदुरुस्तीचं काम चालू असेल तर एवढं करा. कामावर जा, फलक लावला आहे का बघा, त्यावरचा दर वाचा, आणि मग तिथे माती उचलणाऱ्या बाईला विचारा की गेल्या आठवड्याचे पैसे खात्यावर किती जमा झाले. दोन आकडे जुळले नाहीत, तर ग्रामसभेत उभे राहून सगळ्यांदेखत विचारा.