सातबाऱ्याविना मालक

अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल ही पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. ती सांभाळतात मुख्यतः स्वयंसेवक. तीसएक मंडळांनी ती आपसांत वाटून घेतली आहे आणि मंडळं आपल्या वाट्यातले चारदोन मैल एकेका सभासदाच्या गळ्यात घालतात. हा सभासद बहुधा निवृत्त असतो. गुडघे कुरकुरत असतात, पण गाडीच्या डिकीत करवत कायम तयार. लोक त्याला निसर्गप्रेमी म्हणतात. माझ्या मते तो अस्सल जमीनदार आहे. फक्त सातबारा त्याच्या नावावर नाही. पुरावा त्याच्या नजरेतच आहे. चालणारे समोरचं शिखर बघतात, हा खाली मान घालून पाणी बघतो. वाटेला खरी भीती बुटांची नसतेच, असते ती वाटेलाच ओढा समजून धावणाऱ्या पावसाची. ते पाणी बाजूला काढायला वाटेत तिरपा ओंडका किंवा दगड पुरलेले असतात आणि त्यांच्यामागचा चर दर पानगळीत बुजतो. तो उपसताना हा जसा रमतो, तसं बांधावर रमणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत. वाट दाखवणारा झाडावरचा पांढरा पट्टा २ इंच रुंद आणि ६ इंच उंच हवा. शेजारच्या हद्दीतला पट्टा वाकडा दिसला की हा हळूच म्हणतो, ‘त्यांच्याकडे जरा ढिलाईच आहे.’ हे वाक्य सेवाभावातून येत नाही. बांधाला बांध लागूनच येतं.

कुणी म्हणेल, १९२१ साली बेंटन मकाय यांनी ही वाट सुचवली ती शहराला विटलेल्या माणसासाठी. एवढ्या उदात्त कल्पनेत जमीनदारी कुठून आली? कल्पना उदात्त होतीच. पण १९३७ साली वाट पुरी झाली ती मायरन एव्हरी या वकिलाच्या हट्टापायी आणि हा गृहस्थ अंतर मोजायचं चाक ढकलत डोंगर पालथे घालायचा. दोघांचं फाटलं, यात नवल नाही. आपला स्वयंसेवक नाव मकायचं घेतो, वारसा मात्र चाकवाल्याचा चालवतो. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: १९६८च्या कायद्याने वाट राष्ट्रीय झाली, मग पगारी माणसं का नेमू नयेत? काही कामांना नेमतातही. पण रात्री पावसाचा आवाज ऐकून ‘तिसरा चर तुंबला असणार’ म्हणून उठून बसणारा माणूस टेंडर काढून मिळत नाही. राहता राहिला प्रश्न मालकीच्या मिजाशीचा. खरा जमीनदार कुंपण घालतो. हा आडवं पडलेलं झाड कापून अनोळखी माणसांना वाट करून देतो. मुक्कामाच्या निवाऱ्यापाशी शौचकूप असतो, त्यातला ढीग काठीने सारखा करण्याचं कामही त्याच्याकडेच असतं आणि त्यासाठी तो स्वतःच्या खर्चाने पेट्रोल जाळून येतो.