ओरिजिनल आहे हो!

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक रोज चालते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. दुसरीकडे सगळे बघतात, म्हणून तिला चालायची फारशी गरज पडत नाही. ही दुसरी म्हणजे १९६४ सालची एमजीबी. दोन माणसांची, कापडी छपराची आणि जमिनीच्या इतकी जवळ की साडी नेसून तिच्यात बसता येतं, पण उतरायला दुसरं माणूस लागतं.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ घर घेतलं तेव्हा मी शाळा, बसस्टॉप आणि भाजीचं दुकान पाहिलं. नवऱ्याने काय पाहिलं ते मला उशिरा कळलं. ट्रायम्फ मोटार या गावची, जॅग्वारची कीर्ती या गावची. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’वरून नाव पडलेल्या एमजीचा एबिंग्डनचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत चालला, तेही इथून फार लांब नाही. पलीकडे मॉल्व्हर्नला मॉर्गनवाले आजही मोटारीच्या सांगाड्यात ॲशचं लाकूड घालतात. थोडक्यात, दारुड्याने गुत्त्याशेजारी घर घ्यावं तसं आम्ही घेतलेलं आहे.

एमजीबी तशी दुर्मिळ नाही. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनल्या. पण १९६५ च्या वसंतापर्यंत तिच्या दारांना ओढायची हँडलं असत, नंतर बटणाची आली. आमची गाडी ओढायच्या हँडलांची असल्याने आम्ही खानदानी. १९७४ च्या शेवटापासून अमेरिकन नियमांपायी काळे रबरी बंपर लावलेल्या गाड्या निघाल्या. तसली गाडी समोरून आली की नवरा नमस्काराला हात वर करतो, पण अर्धाच.

या छंदाची मेख मला कळायला वेळ लागला. मला वाटायचं, जुनी गाडी घेतात ती दुरुस्त करून चांगली करायला. तसं नसतं. ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करायची असते, आणि या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे. साठ वर्षांत जगाने ज्या अडचणी महत्प्रयासाने दूर केल्या, त्या हुडकून, पैसे मोजून, पुन्हा जागच्या जागी बसवायच्या असतात.

बॅटरीचंच घ्या. त्या काळी बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडत. १९६७ च्या अखेरीला कंपनीने ते उलटं करून इतर जगाशी जमवून घेतलं. शिवाय बॅटरी एक नाही, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे फळीखाली लपवलेल्या. सगळं उलटं असल्यामुळे आजचा फोन चार्जर सरळ लावायची सोय नाही. “एकदाचं बदलून घे ना,” मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यात डिस्को लाइट लावायला सांगितले. “फोन चार्ज करायचाय तर दुसऱ्या गाडीत बस,” तो म्हणाला.

वायरिंगच्या लोककथा तर वेगळ्याच. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांनी एकोणिसाव्या शतकात दिव्यांचा धंदा काढला आणि ‘किंग ऑफ द रोड’ नावाने सायकलचे दिवे विकले. पुढे ब्रिटिश मोटारींचे दिवे, डायनामो, स्टार्टर बहुतेक त्याच कंपनीचे. या मोटारी हौसेने घेणाऱ्यांनी मात्र लुकसना पदवी दिली ‘अंधाराचा युवराज’. दिव्याच्या बटणाला तीन जागा असतात, मंद, लुकलुक आणि बंद, हा त्यांचा आवडता विनोद. इंग्रज कोमट बिअर का पितात? फ्रिज लुकसचा आहे म्हणून, हा दुसरा. नवऱ्याला हे विनोद खपत नाहीत. तो म्हणतो, दोष गंजलेल्या जोडांचा आणि पन्नास वर्षं वायरींना चिकटपट्ट्या लावत आलेल्या मालकांचा. जाणकारांचंही मत साधारण तेच आहे. पण रात्री बाहेर जायचं ठरलं की हा माणूस विजेरी घेतल्याशिवाय निघत नाही.

पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि टिक-टिक करतो. आतले पॉइंट खराब झाले की टिक-टिक थांबते, पाठोपाठ गाडी. यावरचा उपाय इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत एकच: उतरायचं, मागच्या चाकाजवळ वाकून गाडीखाली हात घालायचा आणि पंपाला ठोकायचं. तारांच्या चाकांची मधली चाकी सोडवायलाही हातोडाच, फक्त तो तांब्याच्या तोंडाचा. कार्ब्युरेटर दोन आहेत आणि दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. ते पाहण्यासाठी नळीचा तुकडा घेऊन एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं. “ऐक, मागचा जास्त ओढतोय,” म्हणून मलाही नळी देण्यात येते. मी ऐकते. दोन्हीकडे फुस्स ऐकू येतं. “हो, मागचाच,” मी म्हणते. संसार असेच चालतात.

आता ‘ओरिजिनल’ पार्ट. यातला सर्वांत उच्च वर्ण म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’: पूर्वीच बनलेला, कधीच न वापरलेला आणि मूळ खोक्यात असलेला. खोकं असलं की भाव चढतो. रबराची वस्तू असेल तर साठ वर्षांत ती खोक्यातच कडक होऊन तडकलेली असते, म्हणजे वापरता येत नाही. पण वापरायची कुणाला असते? आमच्या हॉलमधल्या कपाटात असा एक रबरी पाइप आहे. त्याच्या शेजारी माझी चांदीची भांडी होती. ती आता माळ्यावर आहेत.

स्पर्धांना जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिथले परीक्षक नळ्यांच्या क्लिपा त्या वर्षीच्याच आहेत का आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच तशीच आहे का, हे वाकून पाहतात. कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने मारलेली खूण, रंगाऱ्याच्या हातून उडालेला फवारा, हेसुद्धा काही मंडळी जुन्या फोटोंवरून हुबेहूब उतरवतात. १९६४ साली एका कामगाराने सुटी व्हायच्या आत उरकून टाकलेलं काम आज एक निवृत्त लेखापाल आठवडाभर श्वास रोखून करत बसतो.

शेजारी एक निवृत्त इंग्रज गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे युद्धानंतरची एमजी टीसी आहे. तिच्या बोल्टांची गोष्ट ऐकल्यावर मला इंग्रजांचा इतिहास नव्याने कळला. कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना मॉरिसने १९२३ साली विकत घेतला. यंत्रं मेट्रिक मापाची होती. ती बदलायची म्हणजे खर्च. म्हणून बोल्टांचे आटे मेट्रिकच ठेवले, पण इंग्रज मेकॅनिकच्या पान्याला लागावीत म्हणून त्यांची डोकी केली व्हिटवर्थ मापाची. ती पद्धत टीसीच्या इंजिनापर्यंत टिकली. म्हणजे बोल्ट हरवला की ना मेट्रिकच्या दुकानात मिळतो, ना इंग्रजी मापाच्या. त्यात व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्या गृहस्थांच्या मुलाचं लग्न झाल्याचं आम्हाला वर्षभराने कळलं. त्यांच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग गेल्याचं मात्र त्याच संध्याकाळी कळलं होतं.

गाडीला पत्रिकाही असते. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यांवरून गाडी कधी बनली, रंग कोणता होता, कुठे धाडली, याचं प्रमाणपत्र मिळतं. गाडीतलं इंजिन तेच मूळ नंबराचं निघालं की छत्तीस गुण जुळले. आमचे जुळले. ते प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. नवऱ्याची स्वतःची जन्मवेळ सकाळची की संध्याकाळची, हे सासूबाईंना आजही नक्की सांगता येत नाही.

दर सप्टेंबरात हॅम्पशरमध्ये ब्यूली गावी ऑटोजम्बल भरतं. लॉर्ड माँटेग्यू यांनी १९६७ साली सुरू केलेला हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. मैदानभर ताडपत्र्या, त्यांवर डबे आणि डब्यांत गंज. भोवती गुडघ्यांवर बसलेले प्रौढ पुरुष. मीही एकदा गेले. नवऱ्याने एका डब्यात कोपरापर्यंत हात घालून काळपट झालेलं काहीतरी बाहेर काढलं आणि त्याचा आवाज घोगरा झाला. किंमत ऐकून माझाही झाला. त्या वेळी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. घरी परतल्यावर त्यांनी ती वस्तू हातात घेतली, वळवून पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, हे आपल्याकडे भंगारवाल्याला दिलं असतं तर त्याने न्यायचे पैसे मागितले असते.”

गेल्या उन्हाळ्यात धाकटे दीर आले. ते आल्या आल्या म्हणाले, “दादा, आता आमच्याकडेही एमजी आहे!” २०१९ पासून भारतात मिळणारी, गुजरातेत हलोलला बनणारी, चिनी मालकीच्या काळात आलेली ती मोठी गाडी. “वहिनी, बोलते ती आपल्याशी. सनरूफ उघड म्हटलं की उघडतं.”

“आमचं उघडंच असतं,” नवरा म्हणाला.

दिरांनी आमच्या गाडीला प्रदक्षिणा घातली. स्क्रीन कुठंय, एसी कुठंय, पट्टे कुठंयत, असं विचारता विचारता त्यांना जमिनीवर तेलाचा थेंब दिसला. “दादा, गळतंय.” नवरा समाधानाने हसला. या जमातीत म्हणतात, तेल गळत असेल तर काळजी नको, गळायचं थांबलं की समजावं, संपलं. त्या पिढीच्या अनेक ब्रिटिश इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला सील नसे, नुसती पेचदार खाच असे. इंजिन फिरत असेतो ती तेल आत ढकलत राहते. गाडी उभी राहिली की तेल आपल्या मनाने वागतं.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे रस्ताकर नाही आणि २०१८ च्या मेपासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. त्यामुळे नवऱ्याच्या हिशेबात ही गाडी फुकट पडते. त्या हिशेबात सुटे भाग धरलेले नाहीत, कारण ती गुंतवणूक आहे.

माझं दुखणं खरं म्हणजे स्वयंपाकघराचं. त्याची दारं लोंबायला आली आहेत. सिंकखालच्या कपाटाचं बिजागर असं निखळलंय की दार उघडताना पाय मागे घ्यावा लागतो. ओव्हनमध्ये इंजिनाच्या रंगवलेल्या झाकणांचा रंग पक्का करून झालाय आणि डिशवॉशरमध्ये कार्ब्युरेटर धुऊन. पण विषय काढला की उत्तर ठरलेलं: “चांगलं चाललंय की. नवीन कशाला?”

मग एके दिवशी गाडीच्या सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, बदलायची वेळ आली. एमजीबीला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याची बॉडीच सगळं वजन पेलते. सिल गंजली असता आधार न देता कापली, तर गाडी वाकते आणि दार पुन्हा धड लागत नाही. सिल झाल्या, मग तळाचा पत्रा झाला, मग मडगार्डं. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडीच काढून देते, हेही मला तेव्हा सांगण्यात आलं. मी साधा प्रश्न विचारला, “एवढं बदलल्यावर ही तीच गाडी कशी?”

नवऱ्याने खुर्ची ओढली. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची एक बेंटली होती. तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ले मॉन्सची शर्यत जिंकली. नंतर तिचं इंजिन बदललं, सांगाडा बदलला, १९३२ साली ब्रुकलँड्सला भीषण अपघात झाला आणि मग वर नवी बॉडी चढली. पुढे तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. घेणाऱ्यांनी कुरकुर केली की यात जुनं उरलंयच काय? प्रकरण कोर्टात गेलं. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की भाग बदलले असतील, पण गाडी एकदाही मोडीत निघाली नाही. तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ही तीच गाडी.

“कळलं?” नवरा म्हणाला. “सगळे भाग बदलले तरी, हळूहळू बदलले असतील आणि मधे खंड पडला नसेल, तर ती वस्तू नवीन होत नाही.”

“पुन्हा एकदा सांग,” मी म्हटलं. त्याने आनंदाने पुन्हा सांगितलं. लग्नानंतर मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा समजावून मागितली याचं त्याला कौतुक वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटांची दारं मागवली. मग कपाटं. ओट्याचा दगड पुढच्या महिन्यात येतोय, शेगडी आणि ओव्हन त्यानंतर. स्वयंपाक एकही दिवस बंद नाही, त्यामुळे इतिहासात खंड नाही. बिलं पाहून नवऱ्याने तोंड उघडलं, पण हे नवीन स्वयंपाकघर नव्हेच, हे त्याला मान्य करावंच लागलं. इंग्लंडच्या कोर्टाचा निकाल आहे. सुताराला मी फक्त सिंकखालचं ते निखळलेलं बिजागर तेवढं जपून ठेवायला सांगितलंय. आल्यागेल्याला ओरिजिनल म्हणून दाखवायला काहीतरी हवं.