जिल्ह्याहून थोरली

आमची जीप गडचिरोली जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे. जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. जीपच्या बुकावर पत्ता अजूनही ‘आरमोरी, जिल्हा चंद्रपूर’ असाच. वडिलांनी ती तेंदूपत्त्याच्या ठेकेदारीत घेतली. मोसमात तिने पुडके वाहिले, निवडणुकीत सरकारजमा होऊन मतपेट्या वाहिल्या, आणि पावसाळ्यात भामरागडच्या वाटेवर पर्लकोटेचं पाणी पुलावरून उतरेपर्यंत अलीकडच्या काठावर मुक्कामही ठोकले.

निवृत्तीनंतर तिला नवा रंग द्यावा, हूड बदलावं, एवढाच माझा बेत होता. बेत ऐकून वेल्डरभाऊ पेचकस घेऊन गाडीखाली शिरला. आतून आवाज येत होता : टक, टक, टक, आणि मग नुसतंच ‘फस्’.

“सर, हे चासी हाय का पापड जी?”

गाडीखालून त्याचा आवाज फाटकापर्यंत गेला. त्यात नवल नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत हा माणूस झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक असतो. रात्रभर गावोगावच्या मंडईत अब्रू लुटायची, पहाटे घरी यायचं, दुपारपर्यंत झोपायचं आणि मग वेल्डिंग. आमच्या चासीचं निदान त्यामुळे अख्ख्या आळीला एका दमात कळलं आणि सल्लागार जमू लागले.

या जुन्या जीपची चासी अगदी साधी. दोन लांब दांडे, मध्ये आडवे तुकडे. शिडीच म्हणतात तिला. दांड्याची एक बाजू उघडी, म्हणून चिखल आत जाऊन निवांत बसतो. चिरा पडतात त्या ठरलेल्या जागी : पुढे स्टेअरिंगचा बॉक्स जिथे बोल्ट केलेला असतो तिथे, आणि मागे कमानपाटे टांगलेले असतात तिथे. आमच्याकडे दोन्ही होत्या.

पहिला सल्ला शेजारच्या मुकादमकाकांचा. त्यांनी उभी हयात पूल बांधण्यात घालवली. ‘मजबुती’ हा शब्द उच्चारतानाही त्यांची मान ताठ होते. “दोन्ही दांडे पट्टी मारून पुरते बंद करा. पेटी होऊ द्या पेटी!” दुसरा सल्ला आरामशीनवाल्या काकाजींचा. आलापल्लीचं सागवान ज्यांनी आयुष्यभर चिरलं, त्यांना लोखंड ही तात्पुरती सोय वाटते. “आत सागाची फळी ठोका. तुमच्या नातवालेही पुरन.” लोक हसले. मी हसलो नाही, कारण ब्रिटनमध्ये 1959 साली सुरू झालेल्या मार्कोस नावाच्या कंपनीने खरोखरच प्लायवूडची चासी असलेल्या गाड्या विकल्या, आणि त्या शर्यतीतही पळवल्या. तिच्या दोन जनकांपैकी कॉस्टिन हा विमानाच्या कारखान्यातून आलेला, त्यामुळे लाकडाला तो कमी लेखत नव्हता. हे मी काकाजींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच फळी घेऊन आले.

खलनायकाने दोघांनाही नकार दिला.

“पुरी पेटी नका करा सर. आपला रस्ता कसा, एक चाक खड्ड्यात आन एक मुरमावर. चासी जराशी मुरडली पायजे. नाई मुरडली तं रिपिटाजवळ मोडन.”

मुकादमकाका दोन दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत. पण वेल्डरचं शास्त्र पक्कं होतं. चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चीर खरवडून भरायची. वरून चासीइतक्याच जाडीची पट्टी लावायची, पण टोकं सरळ कापायची नाहीत, तिरपी, शंकरपाळ्याच्या आकाराची कापायची. सरळ कापली तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि दांडा नेमका पट्टीच्या काठावर तुटतो. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही. इथे इंचभर, मग पलीकडे इंचभर, मधे बिडी. बिडीचा वेळही शास्त्रात धरलेला. लोखंड तेवढ्यात निवतं आणि वाकत नाही.

ही पट्टी मात्र नागपूरहून आणावी लागली. एटापल्लीकडे सुरजागडचा अख्खा डोंगर लोखंडाचा, आणि हव्या त्या जाडीची हातभर पट्टी आरमोरीत मिळेना! बसमध्ये कंडक्टरने तिचं लगेज फाडलं.

काम सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी काढली. या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. इतकी वर्षं मी कशावर बसत होतो, हे तेव्हा सौभाग्यवतीला कळलं. ती काही बोलली नाही. टाकी मात्र तिने गोठ्यापलीकडे ठेवायला लावली.

मग माप. चासी काटकोनात आहे की नाही हे पाहायला चार ठिकाणांहून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खुणा करायच्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं ताडून बघायची. खडू सारवलेल्या अंगणावर उमटेना, म्हणून वेल्डरने रांगोळीचा डबा मागून घेतला. ठिपके पडले. जीप मागे ढकलली. मी, मुकादमकाका (रुसवा संपला होता) आणि खलनायक टेप घेऊन ओणवे झालो, तोच ओसरीवरून हाक आली.

“अहो, डावीकडचा वरचा ठिपका आत गेलाय.”

“मोजू तर दे!”

“मोजा. पण गेलाय.”

चार सूत आत होता. अर्धा इंच. आयुष्यभर रोज सकाळी दारात ठिपके मांडणाऱ्या बाईला टेप लागत नाही. वेल्डरने तिला तिथेच ‘वहिनी’वरून ‘मॅडम’पदी बढती दिली.

तो अर्धा इंच परसातल्या मोहाच्या झाडाला चेनपुली बांधून ओढून काढला. आई झाडाजवळ उभी राहून ‘हळू, हळू’ म्हणत होती. ते आम्हाला नसून झाडाला होतं. आमची वेल्डिंग मशीन चालू झाली की आळीतले दिवे मिणमिणत, आणि धानाला पाणी द्यायला पंप चालू झाले की आमची ठिणगीच पडत नसे. मालिकेच्या वेळेला काम बंद, असा तह शेवटी बायकांनी लिहून घेतला.

एका जागेपुढे मात्र खलनायकही नमला. चासीवर नंबर कोरलेला असतो. त्यावर पट्टी बसली की गाडी चांगली राहील, पण आमची राहणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीत मनमानी बदल करू देत नाही. म्हणून आमचं काम म्हणजे दुरुस्ती, फक्त दुरुस्ती. नंबराभोवती त्याने ओलं पोतं गुंडाळलं, आणि ठिणगी तिकडे उडाली की आधी माफी मागायचा.

रंग झाला, आणि मुकादमकाकांनी भार-चाचणीचा हट्ट धरला. पुलावर ट्रक उभे करतात, तसं काहीतरी त्यांना हवं होतं. ट्रक कुठून आणणार? शेजारच्या गावी मंडई होती आणि वेल्डरचं नाटक होतं. सगळे सल्लागार सहकुटुंब जीपमध्ये बसवले. काकाजींची फळीही सोबत घेतली. तिच्यावर पोरं बसली. मुरूम, खड्डे, बांध, पुन्हा खड्डे. पोचल्याबरोबर काकांनी खिशातून टेप काढला. आत्ताच्या आत्ता तिरपी मापं घ्यायची! दुसरं टोक धरायला खाली शिरणारा माणूस हवा. निरोप गेला, आणि रंगमंचामागून जरीचा फेटा, काजळाच्या मिशा आणि पांढरंशुभ्र धोतर घातलेला खलनायक धावत आला, थेट गाडीखाली आडवा झाला. माणसं गोळा झाली. नाटकाचा हा पहिलाच प्रवेश असावा, अशा समजुतीने पोरांनी शिट्ट्याही घातल्या.

“एक सूतही हालली नाई जी!” गाडीखालून आवाज आला, तो शेवटच्या रांगेपर्यंत.

तिसरी घंटा झाली. तो उठला आणि धोतराला लागलेलं ग्रीस तसंच घेऊन नायिकेच्या बापाचं घर जाळायला निघून गेला.